डेव्हिड गॅरिक : स्वगताची पूर्वसिद्धता

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात डेव्हिड गॅरिक हे नाव एका माणसाचे नाव म्हणून क्वचितच येते. बहुतेक वेळा ते पदवी म्हणून येते. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तील चंद्रसेन उभा केला आणि नाट्यरसिकांनी त्यांना महाराष्ट्राचे गॅरिक म्हटले. ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ गॅरिकला जाऊन शंभरावर वर्षे लोटली होती. ही पदवी देणाऱ्यांपैकी कोणीही त्याला पाहिलेले असणे शक्य नव्हते. उपमान केवळ वाचनातून आलेले होते, आणि अशा उपमानात जो अर्थ भरावा तो भरता येतो. मराठीत त्यात मुख्यतः भावावेशाचा अर्थ भरला गेला. हॅम्लेटची स्वगते प्रेक्षकांना थरारून सोडील अशा उत्कटतेने म्हणणारा तो गॅरिक, अशी त्याची सर्वसाधारण प्रतिमा आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही, पण अपुरी आहे. गॅरिकच्या चरित्रात वारंवार भेटणारी गोष्ट आवेशाची नसून थांबण्याची आहे. वाक्याच्या मध्यावर, शब्द ओठांवर आलेला असताना थांबणे, आणि त्या थांबण्यातून पात्राच्या मनात विचार आत्ता, या क्षणी जन्माला येत आहे असे प्रेक्षकाला दिसणे, यासाठी त्याने पस्तीस वर्षे तयारी केली. त्यासाठी टीका सोसली आणि आपल्या नाटकगृहाची रचनाही बदलली.

गॅरिकचा जन्म १९ फेब्रुवारी १७१७ रोजी हेरफर्ड येथे झाला. आजोबा फ्रान्समधील प्रॉटेस्टंट. धार्मिक छळामुळे १६८५ साली बोर्दो सोडून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले. वडील सैन्यात कॅप्टन. मुलांचे बालपण लिचफील्ड या गावी गेले. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने बरोबरीच्या मुलांना जमवून एक नाटक केले होते, एवढीच त्याच्या बालपणाची रंगभूमीशी निगडित नोंद. त्याच गावच्या सॅम्युएल जॉन्सनने जवळच एडियल येथे शाळा काढली, तेव्हा तिच्या मोजक्या विद्यार्थ्यांत गॅरिक होता. शाळा चालली नाही, आणि मार्च १७३७ मध्ये गुरू व शिष्य दोघेही नशीब काढण्यासाठी बरोबरच लंडनला निघाले. एकाने पुढे इंग्रजीचा कोश केला; दुसऱ्याने भावाबरोबर मद्याचा व्यापार मांडला. हा व्यापार गॅरिकच्या हातून नीट होणे शक्यच नव्हते. त्याचा बहुतेक वेळ नाटकगृहांत आणि नटांच्या संगतीत जाई. चार्ल्स मॅक्लिनचा सहवास त्याला याच काळात लाभला. संवाद प्रथम व्यवहारात बोलावा तसा बोलून पाहावा, मग त्याला रंगमंचाला पुरेल एवढा उठाव द्यावा, ही मॅक्लिनची रीत होती, आणि तिचे ऋण गॅरिकवर निश्चित आहे.

१७४१च्या उन्हाळ्यात इप्सविच येथे त्याने लिडल या खोट्या नावाने, तोंडाला काळा रंग फासून पहिली भूमिका केली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला लंडनच्या गुडमन्स फील्ड्स येथील नाटकगृहात तो तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत उभा राहिला. १७३७च्या कायद्याने या नाटकगृहाला नाटक करण्याचा परवाना नव्हता. म्हणून तिकीट गायनवादनाच्या कार्यक्रमाचे लावायचे आणि त्याच्या मध्यंतरात नाटक फुकट दाखवायचे, अशी युक्ती केलेली असे. जाहिरातीत नटाचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी गॅरिकने लिचफील्डला भावाला पत्र लिहून आपण नट झाल्याचे कळवले. ते लिहिणे त्याला जड गेले असावे, कारण सैन्यातील अधिकाऱ्याच्या घराण्याला ही वार्ता प्रतिष्ठेला बाध आणणारीच होती.

त्या रात्री प्रेक्षकांना नवे काय दिसले हे समजण्यासाठी त्यांना जुने काय ठाऊक होते ते पाहिले पाहिजे. तेव्हाचा मान्यवर शोकनट जेम्स क्विन. धिप्पाड देह, घनगंभीर आवाज, आणि संवाद म्हणण्याची ठरीव, जवळजवळ पठणासारखी लय. मोठे भाषण आले की नट पुढे येई, पाय रोवून उभा राही, एक हात वरखाली करीत भाषण म्हणून टाकी आणि टाळ्यांसाठी थांबे. स्वगत हे त्या पद्धतीत सर्वांत निर्धास्त स्थळ होते. समोर दुसरे पात्र नसल्यामुळे नट आणि प्रेक्षक यांचा थेट व्यवहार चाले. आपल्याकडील संस्कृत परंपरेने स्वगत, जनान्तिक, अपवारित असे सूक्ष्म भेद करून ठेवले आहेत, ते कोण ऐकतो आणि कोण ऐकत नाही या निकषावर. क्विनच्या स्वगतात हा प्रश्नच नव्हता. ते सर्वांना उद्देशून केलेले वक्तृत्व होते. १७४६ साली क्विन आणि गॅरिक कॉव्हेन्ट गार्डनमध्ये एकाच नाटकात उभे राहिले. तेव्हा शाळकरी असलेल्या रिचर्ड कम्बरलंडने ते पाहिले आणि पुढे आठवणीत नोंदवले, की गॅरिक मंचावर येताच एका प्रवेशात शंभर वर्षे ओलांडली गेल्यासारखे वाटले. बुटका, चपळ, काळ्याभोर डोळ्यांचा हा तरुण बोलत नसतानाही पात्रातच असे. १७४२ सालच्या एका वृत्तपत्रीय नोंदीत त्याची विशेष प्रशंसा आहे ती यासाठी, की आपले बोलणे संपल्यावर तो भूमिका सोडत नाही, सज्ज्यांतून नजर फिरवत नाही, इतरांचे बोलणे ऐकत राहतो. आज हे सांगण्यासारखे वाटणार नाही. त्या काळी ते बातमीसारखे सांगावे लागले.

याच नाटकातील तंबूचा प्रवेश हॉगार्थने १७४५ साली चितारला. दुःस्वप्नातून दचकून जागा झालेला रिचर्ड, एक हात तलवारीवर, दुसऱ्याची बोटे पंखासारखी पसरलेली. हे चित्र स्वगताच्या तोंडाचे आहे. चित्रकाराने बोलण्याचा क्षण न निवडता त्याच्या आधीचा निवडला. हॉगार्थ गॅरिकचा स्नेही होता आणि त्याच्या कलेतले मर्म त्याने ओळखलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

गॅरिक भूमिका कशी बसवी याविषयीच्या माहितीत दंतकथेचा भाग पुष्कळ आहे. तरी त्याचा चरित्रकार आणि समकालीन नाटककार आर्थर मर्फी याने दिलेली एक हकीकत टाळता येण्यासारखी नाही. गुडमन्स फील्ड्सजवळच्या गल्लीत गॅरिकच्या ओळखीचा एक गृहस्थ राहत असे. खिडकीशी उभा राहून आपल्या दोन वर्षांच्या मुलीला खेळवताना ती त्याच्या हातून निसटून खाली फरसबंदीवर पडली व गेली. त्या माणसाचे भान सुटले. पुढे तो रोज त्या खिडकीशी जाऊन, हातात मूल असल्यासारखे खेळवी, ते पडल्यासारखे करी आणि आक्रोश करी. मग बराच वेळ गप्प बसून आजूबाजूला पाहत राही. गॅरिक त्याला भेटायला जात असे. लियरचे वेड आपण तेथे शिकलो असे तो सांगे, आणि मित्रमंडळींत त्या माणसाची नक्कलही करून दाखवी. या गोष्टीत काहीतरी असह्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचे दुःख निरखून ते कलेला लावणे हा नटधर्म असेलही. पण मेजवानीनंतर ते दाखवणे यात क्रौर्याची छटा आहे. शिकण्याजोगे होते ते मात्र त्याने अचूक टिपले होते. आक्रोशाहून नंतरचे गप्प बसणे अधिक भयंकर असते. पंचविसाव्या वर्षी, १७४२ मध्ये, त्याने प्रथम लियर केला तो ही शिदोरी घेऊन.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डब्लिन येथे आणि नोव्हेंबरमध्ये ड्ररी लेनला त्याने हॅम्लेट प्रथम केला. १७४४च्या जानेवारीत मॅकबेथ आला. मॅकबेथच्या वेळी त्याने एक गमतीदार चाल केली. प्रयोगाच्या सुमारास अभिनयावरील एक निनावी पुस्तिका निघाली; तीत गॅरिकसारख्या ठेंगण्या नटाने मॅकबेथ करावा याची टिंगल होती. लेखक स्वतः गॅरिकच होता. टीकाकारांचे शस्त्र आपणच आधी उपसून बोथट करून टाकावे, हा त्यातला हेतू. पण त्या थट्टेच्या आवरणाखाली खंजिराच्या स्वगताविषयी जे विवेचन आहे ते पूर्ण गंभीर आहे आणि नटाने आपल्या तयारीविषयी लिहिलेल्या जुन्यातल्या जुन्या टिपणांत ते मोडते. हवेत तरंगणारा खंजीर दिसताना नटाने नजर एका बिंदूवर खिळवून ठेवू नये, असे तो सांगतो. कारण खिळलेली नजर खऱ्या वस्तूवर असते. भासावर असते ती नजर अस्थिर, नुकत्याच वाईट स्वप्नातून अर्धवट जागे झालेल्याची. खंजीर धरू पाहण्याची क्रिया एका झेपेत संपवू नये. एकदा या हाताने, मग त्या हाताने, पायांतही तीच चुळबूळ ठेवून, बुडणारा माणूस आधारासाठी हवेलाच पकडू पाहतो तशी ती व्हावी. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर वाचिक अभिनयाचे स्थळ म्हणून सर्वमान्य असलेल्या स्वगताला गॅरिक येथे आधी आंगिकात बसवून घेतो आहे. शब्द नंतर येतात. डोळे आणि बोटे आधी विचार करू लागतात. याच प्रयोगासाठी त्याने मॅकबेथची संहिता डॅव्हेनंटच्या फेरफारांतून बरीचशी मोकळी करून मूळ शेक्सपिअरकडे वळवली. मात्र मरताना मॅकबेथला थोडे बोलू द्यावे हा मोह त्याला आवरला नाही आणि ते मरणभाषण त्याने स्वतः रचून घातले. नटाच्या लोभापुढे संपादकाचे काही चालत नाही, हे मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको.

१७४७ मध्ये तो ड्ररी लेनचा भागीदार व्यवस्थापक झाला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे तो भार त्याने वाहिला. १७४९ साली इव्हा मारिया या व्हिएन्नाहून आलेल्या नर्तकीशी त्याचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला. व्यवस्थापक गॅरिकने तालमीला महत्त्व आणले. नवे नाटक तो नटसंचाला स्वतः वाचून दाखवी. स्वतःच्या भूमिकेबाबतही तो चटकन समाधान मानत नसे. १७४८ साली बेनेडिकची भूमिका मनासारखी बसेपर्यंत त्याने दोन महिने तालीम केली असे समकालीन टीकाकाराने नमूद केले आहे. ज्या काळी जुनी नाटके जेमतेम उजळणी करून उभी केली जात, त्या काळी हे दोन महिने डोळ्यांत भरण्यासारखे होते.

मात्र त्याच्या पद्धतीला विरोध झाला तो नेमका तिच्या गाभ्याशी. थॅडियस फिट्झपॅट्रिक नावाचा एक सुखवस्तू आणि नाटकवेडा गृहस्थ होता. १७६० साली त्याने गॅरिकविरुद्ध पुस्तिका काढली. तिच्यात हॅम्लेटसारख्या भूमिकांतील स्थळे घेऊन गॅरिक कोठे भलत्याच शब्दावर आघात देतो आणि व्याकरणदृष्ट्या जेथे विराम संभवतच नाही अशा जागी कसा थांबतो, याची यादीच दिली होती. आक्षेप पोरकट नव्हता. पद्य म्हणताना कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये थांबले तर वाक्य तुटते, छंद मोडतो, आणि कवीच्या जागी नट दिसू लागतो. अभिजात अभिरुचीच्या दृष्टीने हा अपराधच. यावर गॅरिकचे उत्तर १७६२ सालच्या एका पत्रात सापडते. आवाज थांबवणे आणि आवाज अधांतरी धरणे यांत तो भेद करतो. थांबवला म्हणजे वाक्य संपल्याचा भास होतो. अधांतरी धरला म्हणजे स्वर खाली येत नाही, अर्थ पुरा झालेला नाही हे कानाला कळत असते, आणि त्या अवकाशात पात्र पुढचा शब्द शोधत असते. एवढे सूक्ष्म अंतर तो राखतो असा त्याचा दावा होता. एखाद्या रात्री ते राखले गेले नसेल तर दोष आपला, हेही तो मान्य करतो.

या वादाचा निकाल साहित्यात लागला तो वेगळ्याच रीतीने. १७६१ मध्ये आलेल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’च्या तिसऱ्या खंडात लॉरेन्स स्टर्नने एका टीकाकाराचे चित्र काढले. गॅरिकने आदल्या रात्री स्वगत म्हणताना व्याकरण धाब्यावर बसवून किती वेळ विराम घेतला हे तो टीकाकार घड्याळ हातात धरून सेकंदांच्या अपूर्णांकापर्यंत सांगतो. मग त्याला विचारले जाते, की त्या वेळात नटाचा चेहरा आणि डोळे काय करीत होते? त्याने पाहिलेलेच नसते. तो घड्याळ पाहत होता. स्टर्न गॅरिकचा मित्र होता, तेव्हा हे चित्र निःपक्ष म्हणता येणार नाही. तरीही त्याने प्रश्न योग्य जागी नेऊन ठेवला. विराम ही रिकामी जागा आहे की भरलेली, हे कानाने ठरत नाही. गॅरिकही गप्प बसला नाही. त्याने फिट्झपॅट्रिकवर एक उपहासकाव्य रचले, आणि ते त्याला महाग पडले.

ते कसे, हे सांगण्यापूर्वी ड्ररी लेनच्या रंगमंचाकडे पाहायला हवे. विशेष प्रयोगांच्या रात्री, मुख्यतः एखाद्या नटाच्या मदतीसाठी असलेल्या खेळांना, प्रतिष्ठित प्रेक्षक खुद्द मंचावर बसत. हॅम्लेट एकटा उरला आहे असे संहितेत असे. प्रत्यक्षात त्याच्या पाठीशी नटूनथटून आलेली मंडळी असत. अशा स्थितीत एकटेपणा केवळ घोषित करता येतो, दाखवता येत नाही. १७६२-६३च्या हंगामाआधी गॅरिकने नाटकगृह वाढवून प्रेक्षकांची सोय खाली केली आणि मंच नटांसाठी मोकळा करून घेतला. स्वगतासाठी लागणारी पहिली सामग्री म्हणजे रिकामी जागा, आणि ती त्याला पैसे खर्चून मिळवावी लागली. त्याच सुमारास नाटकाचा निम्मा भाग झाल्यावर अर्ध्या दराने आत येण्याची जुनी सवलत काही प्रयोगांपुरती बंद झाली. फिट्झपॅट्रिकला निमित्त मिळाले. २५ जानेवारी १७६३च्या रात्री त्याच्या चिथावणीने ड्ररी लेनमध्ये दंगल झाली. बाके मोडली, झुंबरे फुटली. अखेर गॅरिकला माघार घ्यावी लागली. ज्या माणसाने त्याच्या विरामांची यादी केली त्यानेच त्याचे नाटकगृह फोडले, हा योगायोग नव्हता. दोन्ही ठिकाणी भांडण एकाच गोष्टीचे होते: मंच कोणाचा, पैसे देऊन आलेल्यांचा की नटाचा?

खचलेला गॅरिक १७६३च्या सप्टेंबरात युरोपच्या प्रवासाला निघाला तो १७६५च्या एप्रिलमध्ये परतला. परतल्यावर त्याने मंचावर टांगलेली झुंबरे काढून टाकली आणि दिवे विंगांमागे, परावर्तकांसह बसवले. त्यामुळे नटाचा चेहरा नीट उजळू लागला, आणि सेकंदभराच्या विरामात त्या चेहऱ्यावर काय होते ते मागच्या रांगांनाही दिसण्याची शक्यता वाढली.

प्रवासातील पॅरिसचा मुक्काम अभिनयविचाराच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. तेथे तो रंगमंचावर उभा राहिला नाही. दिवाणखान्यांत, रोजच्या कपड्यांत, कसलेही नेपथ्य नसताना मॅकबेथच्या खंजिराचे स्वगत करून दाखवी. इंग्रजी न कळणारे श्रोतेही हलून जात. ग्रिमने १७६५ साली हे नोंदवले आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरी नक्कलही: पक्वान्नांचे तबक डोक्यावरून नेणारा पोरगा, ते गटारात पडते, तो आधी दिङ्मूढ होतो आणि मग भोकाड पसरतो. एकाच संध्याकाळी दोन्ही. देनी दिदरोने यातून जो निष्कर्ष काढला तो प्रसिद्ध आहे. दाराच्या फटीतून डोके बाहेर काढून गॅरिक चारपाच सेकंदांत आनंदापासून हताशेपर्यंत आणि तेथून परत, चेहऱ्याची सारी सप्तके फिरवून दाखवी. एवढ्या वेळात त्याच्या अंतःकरणाने हे सारे अनुभवणे शक्य आहे काय? नाही, म्हणून थोर नट स्वतः काही अनुभवत नाही, तो पूर्वसिद्ध नमुन्याची थंड डोक्याने प्रतिकृती करतो. १७६९च्या सुमारास सुरू झालेला आणि १८३० साली छापला गेलेला दिदरोचा हा संवाद नटाच्या विरोधाभासाचे मूळ प्रमाण मानला जातो. जॉन्सनचे मतही याच अंगाने जाणारे. गॅरिक जर स्वतःला खरोखर रिचर्ड समजत असेल तर प्रत्येक प्रयोगानंतर त्याला फाशी द्यायला हवे, असा त्याचा अभिप्राय बॉझवेलने जपून ठेवला आहे.

विशेष असे की ज्याच्या उदाहरणावर हा सिद्धांत उभा राहिला त्याचे स्वतःचे म्हणणे निराळे होते. ३ जानेवारी १७६९ रोजी डेन्मार्कच्या सेवेतील स्टुर्त्स या लेखकाला लिहिलेल्या पत्रात गॅरिक फ्रेंच नटी क्लेराँ हिच्याविषयी लिहितो. तिच्या पूर्वतयारीबद्दल त्याला आदर आहे. तरी ती प्रयोगाला उतरण्यापूर्वीच आपण काय करणार हे पुरते जाणून असते, आणि हीच तिची मर्यादा, असे तो सुचवतो. अस्सल प्रतिभेचे आघात नटाला स्वतःलाही अगोदर ठाऊक नसतात. प्रसंगाची ऊब लागून ते त्याच्या आत अचानक पेट घेतात, आणि प्रेक्षकाइतकाच तोही चकित होतो. दोन महिने तालीम करणाऱ्या, बोटांची हालचाल आधी लिहून ठेवणाऱ्या माणसाचे हे विधान आहे. त्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. गॅरिकच्या तयारीचा उद्देश बोलण्याचा साचा पक्का करण्याचा नसून त्यात पोकळी राखण्याचा होता, असे या पत्रावरून म्हणावे लागते. सारे ठरवून झाल्यावर विरामापाशी न ठरवलेले काही घडू शकेल, एवढी जागा तो ठेवी. दिदरोने दिवाणखान्यातील कसरत पाहिली. रंगमंचावरचा हॅम्लेट त्याने पाहिलेला नव्हता, ही गोष्ट त्याचे मत स्वीकारताना विसरली जाते.

१७६९च्या सप्टेंबरात स्ट्रॅटफर्डला गॅरिकने शेक्सपिअरचा महोत्सव भरवला. पावसाने तो बराचसा वाहून गेला. डिसेंबर १७७२ मध्ये त्याने हॅम्लेटची नवी संहिता रंगमंचावर आणली. पाचव्या अंकातील कबर खोदणाऱ्यांचा प्रवेश त्याने गाळला. यासाठी पुढच्या पिढ्यांनी त्याला क्षमा केलेली नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच संहितेत, पूर्वी प्रयोगात गाळल्या जाणाऱ्या कितीतरी ओळी त्याने परत आणल्या. त्यांत चौथ्या अंकातील, परक्या सैन्याला पाहून हॅम्लेट स्वतःच्या दिरंगाईला दोष देतो ते स्वगत होते. विदूषकी प्रवेश काढून स्वगत परत आणणे, यात गॅरिकच्या आवडीचा कल उघड होतो.

ही नवी संहिता चालू असतानाच ग्योटिंगेन विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग लंडनला आला. डिसेंबर १७७४ मध्ये त्याने गॅरिकचा हॅम्लेट दोनदा पाहिला आणि मायदेशी मित्राला पत्रांतून कळवला. प्रयोगशाळेतील निरीक्षणाची सवय असलेल्या माणसाने लिहिलेली ही पत्रे म्हणजे गॅरिकच्या स्वगतांची सर्वांत विश्वसनीय नोंद होय. नट तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता.

पहिल्या अंकातील स्वगत, बाप गेलेला आणि आई दुसऱ्याची झालेली, त्यात लिख्टेनबर्गला दिसले ते असे. वडिलांच्या थोरवीचा उल्लेख येतो तेथील शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. केवळ ओठांच्या हालचालीवरून तो कळतो, आणि लगेच ओठ घट्ट मिटतात, कारण ते थरथरू लागले तर शोक पुरुषाला न शोभेल इतका उघडा पडेल. पुढे एका जागी संतापाने तो हात जोराने खाली आणतो. हाताच्या त्या आघाताबरोबर शब्द यायला हवा, प्रेक्षक त्याची वाट पाहतात, आणि शब्द येत नाही. गळा दाटलेला असतो. काही क्षण जातात, डोळे भरतात, तेव्हा तो उमटतो. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाशी लिख्टेनबर्ग तोवर एक शब्दही बोललेला नव्हता. त्या क्षणी दोघांनी आपोआप एकमेकांकडे पाहिले आणि ते बोलू लागले. फिट्झपॅट्रिकच्या यादीत ही जागा नक्कीच दोषांच्या सदरात पडली असती.

त्यानंतर तिसऱ्या अंकातील, असण्या-नसण्याचे. केस विस्कटलेले, एक बट खांद्यावर लोंबणारी. एका पायाचा काळा मोजा घसरून आतला पांढरा दिसतो आहे, तांबड्या पट्टीचे टोक पोटरीवर लोंबते आहे. उजव्या हाताचे कोपर डाव्या तळव्यावर, हनुवटी उजव्या हातावर, नजर खाली आणि एका बाजूला. तो चालत येतो, मग हनुवटीखालचा हात काढतो, आणि इतक्या हळू आवाजात सुरुवात करतो की तो ऐकू यावा हे नवल वाटते. लिख्टेनबर्ग येथे शास्त्रज्ञाला साजेशी टीप जोडतो: वृत्तपत्रे म्हणतात तशी ही नटाच्या आवाजाची काही अद्भुत शक्ती नव्हे, नाटकगृहात संपूर्ण शांतता असते म्हणून ते सर्वत्र पोचते. शिवाय प्रेक्षकांतील पुष्कळांना हे स्वगत रोजच्या प्रार्थनेइतके पाठ आहे आणि ते प्रार्थनेसारखेच ऐकतात, असेही तो सांगतो.

नटाची खरी अडचण या शेवटच्या निरीक्षणात आहे. जे समोरच्याला पाठ आहे ते त्याला आत्ता सुचत असल्यासारखे कसे ऐकवावे? कीर्तनात सुपरिचित अभंगाचा चरण अर्ध्यावर सोडणाऱ्या कीर्तनकाराला ही अडचण चांगली ठाऊक असते. तो श्रोत्यांकडून चरण पुरा करून घेतो. गॅरिकचा मार्ग उलटा. श्रोत्याच्या ओठांवर शब्द तयार असताना तो तो शब्द त्याला पुरा करू देत नाही. लय मोडून त्याला थोपवतो, म्हणजे पाठांतर निरुपयोगी होते आणि त्याला पुन्हा ऐकणे भाग पडते. तीस वर्षांपूर्वी क्विनच्या काळी हे शक्य नव्हते, कारण तेव्हा शब्द लयीच्या ताब्यात होता. आणि मंचावर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी असती तर त्या हळू सुरुवातीचा टिकाव लागला नसता.

गॅरिकच्या पद्धतीचे अनुकरण पुष्कळ झाले, बहुतेक वाईट. विराम घेणे सोपे असते, तो भरणे कठीण. जे नट त्याच्याकडे शिकले त्यांच्यावर त्याची हुबेहूब नक्कल करीत असल्याचा आरोप होई. तो स्वतः सूर आणि आघात देऊन शिकवी, तेव्हा या आरोपाचा काही भाग त्याच्याकडेही जातो. आपल्याकडे वास्तववादी नाटकाच्या आग्रहात स्वगत ही कृत्रिम रूढी ठरून मागे पडली, त्यामागेही पोकळ विरामांनी आणलेला कंटाळा हे एक कारण असणार.

१७७६ साली त्याने ड्ररी लेनमधील आपला वाटा शेरिडन आणि त्याच्या सहकाऱ्यांना विकला. मूत्रपिंडाच्या विकाराने तो बराच काळ पिडलेला होता. निरोपाचे प्रयोग ओळीने झाले: ३० मे रोजी अखेरचा हॅम्लेट, वृद्ध नटांच्या निधीसाठी, ८ जूनला लियर, आणि १० जूनला, सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध, एका हलक्याफुलक्या सुखात्मिकेतील प्रियकराची भूमिका. शोकात्म भूमिकेनंतर प्रेक्षकांशी स्वतःच्या आवाजात बोलण्याचे बळ राहणार नाही हे त्याला ठाऊक असावे. त्या रात्रीचे निरोपाचे भाषण त्याने गद्यात केले. बोलताना तो मध्येच थांबला, आणि तो विराम ठरवलेला होता की नव्हता याविषयी तेव्हाच्या प्रेक्षकांत दुमत नव्हते.

२० जानेवारी १७७९ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. १ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, शेक्सपिअरच्या स्मारकापाशी, त्याला मूठमाती देण्यात आली; एडियलच्या शाळेचा गुरू जॉन्सन तेथे उपस्थित होता. १७७२ची हॅम्लेटची संहिता गॅरिकने छापली नव्हती, त्यामुळे ती हरवली असेच दीर्घकाळ समजले जाई. तिची त्याच्या फेरफारांसह असलेली प्रत वॉशिंग्टन येथील फोल्जर ग्रंथालयात मिळाली आणि १९३४ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. चौथ्या अंकातील ते परत आणलेले स्वगत तिच्यात आहे. फक्त त्याचा शेवट गॅरिकने बदलला आहे. शेक्सपिअरचा हॅम्लेट त्या जागी निश्चय करून इंग्लंडच्या वाटेला लागतो. गॅरिकचा तेथून मागे वळतो आणि थेट सूड घ्यायला निघतो.